वाचक विचारतात : स्वाहिली किनाऱ्याचे ताराब

गेल्या अंकात हिंदी महासागराच्या काठावरील गायनपरंपरांविषयी लिहिताना या सदरात मी ‘ताराब’ या संगीताचा एका परिच्छेदात उल्लेख केला होता. केनियातील लामू व मोंबासा, टांझानियातील टांगा आणि झांझिबार अशा स्वाहिली भाषिक बंदरांतून तसेच कोमोरो बेटांवर हे संगीत लग्नसमारंभांत आणि सभागृहांत गायले जाते. त्यात इजिप्तचे, भारताचे आणि आफ्रिकेचे अंश एकत्र नांदतात, एवढेच तेथे म्हटले होते. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आपला लेख वाचून मी ताराबची काही ध्वनिमुद्रणे ऐकली. व्हायोलिनांचा ताफा ऐकून इजिप्तच्या संगीताची आठवण झाली, मध्येच आपल्या भैरवाची छाया जाणवली, पण तालाने मात्र मी पुरती गोंधळले. हे संगीत अरबी म्हणावे की आफ्रिकी? (एक संगीत शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या कानाने तीनही गोष्टी अचूक टिपल्या आहेत, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओमानचा सुलतान सय्यिद सईद याने आपले ठाणे मस्कतहून झांझिबारला हलवले. लवंगांचे मळे, हस्तिदंत आणि गुलामांचा क्रूर व्यापार यांवर हे बंदर श्रीमंत झाले, आणि अरब, कच्छी, कोमोरोचे रहिवासी व आफ्रिकेच्या अंतर्भागातून धरून आणलेली माणसे एकाच बेटावर राहू लागली. गलबतांची ये-जा मोसमी वाऱ्यांवर चाले. हिवाळ्यातला ईशान्येचा वारा, ज्याला तेथे ‘कास्काझी’ म्हणतात, अरबस्तान आणि भारताकडची जहाजे घेऊन येई, आणि नैर्ऋत्येचा ‘कुसी’ सुरू झाला की ती परत निघत. वारा फिरेपर्यंत खलाशांना आणि व्यापाऱ्यांना बंदरातच मुक्काम करावा लागे. गाणी एका भाषेतून दुसरीत जायला एवढी फुरसत पुरेशी होती.

सईदचा मुलगा सुलतान बरगश (कारकीर्द १८७० ते १८८८) याला इजिप्तच्या दरबारी संगीताची ओढ होती. त्याने कैरोचे वादक राजवाड्यात आणवले आणि मोहम्मद इब्राहिम नावाच्या तरुणाला ‘कानून’ हे तंतुवाद्य शिकण्यासाठी कैरोला पाठवले, असे परंपरेने सांगितले जाते. त्या काळचे राजवाड्यातील गायन अरबी भाषेत होते आणि निमंत्रितांपुरतेच होते. पुढे १९०५ साली झांझिबारमध्ये ‘इखवानी सफा’ ही हौशी गायक-वादकांची मंडळी स्थापन झाली आणि संगीत राजवाड्याबाहेर आले. ही मंडळी आजही कार्यक्रम करते. ज्या कोल्हापुरात १८८३ पासून देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बैठका होत आल्या आहेत, तेथील रसिकांना सभासदांच्या उत्साहावर शतकभर टिकलेल्या अशा संस्थेचे मोल वेगळे सांगायला नको.

आता आपण ऐकलेल्या स्वरांविषयी. ताराबमध्ये अरबी ‘मकाम’, म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वरांच्या चौकटी, वापरले जातात. रास्त, बयाती आणि हिजाज ही त्यांतील नेहमीची नावे. हिजाजच्या आरंभीचे चार स्वर म्हणजे षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गांधार आणि मध्यम, आणि आपल्या भैरवाचे पूर्वांगही हेच. आपल्याला जाणवलेली छाया तेथून आली. रास्तमधला गांधार मात्र आपल्या कोमल आणि शुद्ध गांधारांच्या मधोमध पडतो, आणि बयातीचा ऋषभही असाच मधला असतो. कंठातून, व्हायोलिनवर किंवा पडदे नसलेल्या ‘उदी’वर, म्हणजे अरबी ऊदवर, हे स्वर सहज निघतात, अकॉर्डियनवर निघत नाहीत. झांझिबारच्या वाद्यवृंदात ही सारी वाद्ये शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे कोठे मधला स्वर ऐकू येतो आणि कोठे त्याला बगल दिलेली असते. कार्यक्रमाच्या सुरुवातीला ‘बशरफू’ नावाची केवळ वाद्यांची रचना वाजते. ती मुळात तुर्की दरबारातली, तेथून कैरोत आली आणि कैरोहून झांझिबारला पोहोचली.

तालाने आपण गोंधळलात याचे कारण किनाऱ्यावरच्या ‘ङोमा’त, म्हणजे ढोल आणि नाच यांच्या जुन्या आफ्रिकी परंपरेत आहे. तेथे सहा मात्रांचे आवर्तन पुष्कळदा येते. परंतु एक ढोल ते तीन-तीन असे मोजतो आणि दुसरा त्याच वेळी दोन-दोन-दोन असे मोजतो. दादऱ्याची सवय असलेला कान सम शोधू लागतो, आणि ढोलांची दोन मापे एकाच वेळी खरी असल्यामुळे त्याला ती ठामपणे सापडत नाही. मोंबासा आणि लामूकडच्या बायका लग्नात ‘चकाचा’ हा नाच करतात. त्याची लय पुढे ताराबमध्ये मुरली. विसाव्या शतकाच्या मध्यावर ध्वनिमुद्रिकांतून क्युबाचा रुंबा आला आणि तोही ठेक्यांच्या यादीत जाऊन बसला.

एवढे सगळे बाहेरून आले असेल तर त्यांचे स्वतःचे काय, हा प्रश्न उरतो. माझ्या मते त्यांचे स्वतःचे आहे ते काव्य, आणि ताराबचा जीव तेथेच आहे. स्वाहिलीत अरबी शब्द पुष्कळ असले तरी तिचे व्याकरण बांटू कुळातील आफ्रिकी भाषांचे आहे, आणि तिची पद्यरचना आपल्या ओवी-अभंगांप्रमाणे अक्षरांच्या मोजणीवर चालते. ताराबच्या गीतातील कडवे बहुधा तीन ओळींचे असते. प्रत्येक ओळीत सोळा अक्षरे, आठावर यती म्हणजे थांबा, आणि यमक ओळीच्या मध्यालाही जुळते व शेवटालाही. बहुतेक प्रत्येक अक्षर स्वरान्त असल्यामुळे गाणाऱ्याला हव्या त्या ठिकाणी आवाज लांबवता येतो. चाल कैरोची असो की मुंबईची, ती या आठ-आठच्या चौकटीत बसवावी लागते, आणि बसवताना ती बदलते. म्हणून अरबी की आफ्रिकी असे विचारल्यावर मी ‘स्वाहिली’ असे उत्तर देईन, आणि त्यात टाळाटाळ नाही.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे बेंजो पार्टीत वाजवतो. मोंबासाच्या एका जुन्या चित्रफितीत गायकाशेजारी बसलेला वादक हुबेहूब आमचाच बेंजो वाजवताना दिसला. हे वाद्य आपल्याकडून तेथे गेले का? (एक वादक, शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर : आपण जे पाहिले ते बरोबर आहे; ते वाद्य आपल्या बेंजोचे सख्खे भावंड आहे. मात्र दोघांचेही जन्मस्थान जपान आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्राच्या कळांवरून सुचलेले एक तंतुवाद्य तयार केले. त्याच वर्षी जपानमध्ये ‘ताइशो’ नावाचा राजकाल सुरू झाला होता, म्हणून वाद्याला ‘ताइशोगोतो’ हे नाव पडले. डाव्या हाताने कळ दाबायची की तारेची लांबी ठरते आणि उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची, ही त्याची रचना आपल्याला सांगण्याची गरज नाही. शिकायला सोपे, किमतीला हलके आणि खांद्यावरून नेता येण्याजोगे हे वाद्य व्यापारी मालाबरोबर हिंदी महासागराच्या बंदरांत पसरले. भारतात ते ‘बुलबुल तरंग’ झाले आणि आपल्या मिरवणुकांत ‘बेंजो’ झाले. अमेरिकेतल्या, कातडे ताणलेल्या बँजोशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. मोंबासात त्याला ‘ताइशोकोतो’ म्हणतात, म्हणजे जपानी नाव जवळजवळ तसेच राहिले.

या वाद्याने मोंबासाच्या ताराबला वेगळे वळण लागले, असे मला वाटते. झांझिबारचा वाद्यवृंद मोठा असतो. त्यात व्हायोलिने, चेलो, कानून, नाय नावाची बोरूची बासरी, अकॉर्डियन आणि मागे गायकवृंद असतो. मोंबासाचा ताफा लहान, लग्नघरी जाऊन वाजवणारा. त्यात ताइशोकोतो, पेटी आणि तबला ही त्रयी स्थिरावली. कळांचे वाद्य आले की पूर्वीच्या उत्तरात सांगितलेले मधले स्वर हरवतात, आणि याच कारणासाठी आपल्याकडे पेटीवर केवढे वादळ उठले होते ते जाणकारांना ठाऊक आहे. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दूर ठेवले ते तिच्यात मींड नाही आणि श्रुती नाहीत म्हणूनच. मोंबासात या उणिवेचा परिणाम असा झाला की अरबी मकामांपेक्षा हिंदी चाली या वाद्यांवर अधिक सहज बसल्या आणि गाणे भारताकडे झुकले. त्याच शहरात राहून झैन उल आबिदीन या लामूच्या थोर उदीवादकाने (१९३९ ते २०१६) येमेन आणि लामूचा जुना बाज जपला, हेही येथे नोंदवले पाहिजे; एकाच गावात दोन्ही प्रवाह वाहत होते.

आपण मिरवणुकीत वाजवणारे आहात, म्हणून एक माहिती जादा देतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या किनाऱ्यावरच्या तरुणांनी लष्करी ब्रास बँड पाहून ‘बेनी’ नावाचा प्रकार सुरू केला. बिगुल, ढोल, गणवेश, संचलन आणि गाणी असा त्याचा थाट असे. मोंबासात ‘किंगी’ आणि ‘स्कॉची’ असे दोन बेनी गट होते आणि त्यांची चुरस आपल्या तालमींच्या चुरशीइतकीच तिखट असे. झांझिबारच्या सुलतानाच्या बँडमध्ये तर गोमंतकीय वादक होते.

प्रश्न : ताराबची पहिली प्रसिद्ध गायिका मुंबईत येऊन गायली, असे आपण एका ओळीत लिहिले होते. मी लावणीचा अभ्यास करते, म्हणून तिच्याविषयी अधिक जाणून घ्यायचे आहे. पुरुषांच्या बैठकीत शिरणाऱ्या या बाईला समाजाने कसे वागवले? (एक अभ्यासक, गडहिंग्लज)

उत्तर : तिचे नाव सिती बिंती साद. १८८० च्या सुमारास झांझिबार बेटावरील फुंबा या खेड्यात, गुलामांच्या वंशातील आईवडिलांच्या पोटी तिचा जन्म झाला. तरुणपणी ती मातीची भांडी विकत हिंडे आणि तिच्या हाळीतच तिचा आवाज लोकांना कळला, असे सांगतात. १९११ साली ती शहरात आली. लिहितावाचता येत नसताना तिने तेथील वादकांकडून गायन शिकून घेतले आणि खाडीपलीकडच्या ‘ङांबो’ या कष्टकऱ्यांच्या वस्तीत बिऱ्हाड केले. सुलतानापुढे आणि अमीर-उमरावांच्या वाड्यांत तिचे गाणे होऊ लागले, तरी रात्रीची बैठक याच वस्तीत बसे. दिवसभरात शहरात घडलेल्या घटनांवर तेथे चर्चा होई आणि त्यातूनच नवी गीते बांधली जात.

तिने केलेला मोठा बदल भाषेचा होता. दरबारी अरबीऐवजी तिने स्वाहिली गायली, आणि जी माणसे आजवर वाड्याच्या दाराबाहेर उभी होती त्यांना गाणे शब्दाशब्दाने समजू लागले. १९२८ साली ग्रामोफोन कंपनीने, म्हणजे कुत्र्याच्या चित्राच्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने, तिला आणि तिच्या साथीदारांना जहाजाने मुंबईला नेले आणि तेथे स्वाहिली गीतांच्या तबकड्या निघाल्या. आपल्या नाट्यपदांच्या तबकड्या ज्या शहरात निघत होत्या, त्याच शहरात आणि त्याच काळात हे घडले. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत, तर बैठकीत तेच गीत पाव तासही चाले. त्यामुळे त्या जुन्या ध्वनिमुद्रणांत आपल्याला गीताची दोन-तीन कडवीच ऐकू येतात. तरीही त्या तबकड्या पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर झपाट्याने खपल्या. आपल्याच भाषेतला आवाज यंत्रातून ऐकण्याची ती त्या लोकांची पहिली वेळ होती.

समाजाने कसे वागवले, या आपल्या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. तिच्या कुळावरून आणि रूपावरून तिला हिणवणारी गाणी रचली गेली. ‘रूप नव्हे, बुद्धी पाहा’ अशा आशयाचे प्रत्युत्तर तिनेही गाण्यातूनच दिले. तिच्या गीतांतले सर्वांत धाडसी गीत ‘किजिती’ या इसमाविषयीचे आहे. त्याने एका स्त्रीवर अत्याचार करून तिला मारले आणि तो बेटावरून निसटला. वसाहती न्यायालयाने मात्र साक्षीला आलेल्या, त्या स्त्रीच्या सोबतिणींनाच शिक्षा केली. हा अन्याय सितीने सुरात मांडला आणि ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत तो पोहोचवला. आपल्या शाहिरांनी पोवाड्यातून केलेल्या कामाशी मी याचे नाते जोडतो. १९५० साली ती वारली. स्वाहिलीतले श्रेष्ठ कवी शाबान रॉबर्ट यांनी तिचे चरित्र लिहिले आहे. गुलामांच्या घरात जन्मलेल्या निरक्षर गायिकेचे चरित्र त्या भाषेच्या अग्रणी कवीने लिहावे, याचे महत्त्व मला फार वाटते.

तिच्या मागून आलेल्यांत बी किदुदे हे नाव आपण अवश्य लक्षात ठेवावे. खरे नाव फातुमा बिंती बराका. तिने लहानपणी सितीचे गाणे ऐकले होते आणि शंभरीच्या घरात पोहोचेपर्यंत, २०१३ साली मृत्यू येईतो, ती गात राहिली. ताराबबरोबरच वयात येणाऱ्या मुलींच्या ‘उन्यागो’ विधीतली गाणी ती उंच ढोल अंगाशी बांधून गाई. २००५ साली तिला वोमेक्स हा जागतिक संगीत पुरस्कार मिळाला. सभागृहातले सुटाबुटातले ताराब आणि बायकांच्या अंगणातला ढोल या दोन गोष्टी मुळात किती जवळच्या आहेत, हे तिच्या एका आवाजातून कळते.

लावणीच्या अभ्यासकाला आवडेल अशी आणखी एक रीत आहे. ताराबच्या बैठकीत श्रोते, विशेषतः स्त्रिया, गाणे चालू असताना उठून गायिकेला पैसे देतात. वरवर पाहता ही आपली दौलतजादा. पण तेथे पैसे कोणत्या ओळीला दिले याला अर्थ असतो. सवतीला किंवा शेजारणीला लागू पडणारी ओळ आली की एखादी बाई ठुमकत पुढे जाते, नोट देते आणि जिला समजायचे तिला समजते. जुन्या गीतकारांनी हे सारे रूपकांतून, म्हणजे ‘माफुंबो’तून साधले. फळ, पक्षी, होडी यांच्याविषयी गीत चालू आहे असे वाटावे आणि रोख माणसावर असावा, ही त्यांची कसब. १९९० नंतर विद्युत वाद्यांच्या नव्या ताराबमध्ये थेट टोमणे मारण्याची ‘मिपाशो’ची पद्धत रूढ झाली आणि ती अफाट लोकप्रिय आहे. मला स्वतःला जुने, झाकलेले बोलणे अधिक मोलाचे वाटते, कारण ते उलगडण्याचे काम श्रोत्यावर सोपवते. परंतु नव्या मंडळ्यांनी स्त्रियांना व्यासपीठाच्या मध्यभागी आणून उभे केले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

प्रश्न : मोंबासाच्या गायकांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली जशाच्या तशा उचलून त्यात स्वाहिली शब्द भरले, असे वाचनात आले. ही परंपरेची घसरण नव्हे काय? (एक निवृत्त मुख्याध्यापक, इचलकरंजी)

उत्तर : आपल्या प्रश्नामागची काळजी मी जाणतो, तरी आदरपूर्वक असहमती नोंदवतो. वस्तुस्थिती आपण म्हणता तशीच आहे. मोंबासा आणि झांझिबारच्या चित्रपटगृहांत हिंदी चित्रपट अनेक दशके चालले आणि त्यांना गर्दी करणाऱ्यांत भारतीयांइतकेच स्वाहिली प्रेक्षक असत. मोंबासाचे जुमा भालो (१९४२ ते २०१४) आणि मौलिदी जुमा हे या हिंदी बाजाचे नामांकित गायक. भालो यांचा आवाज ऐकताना आपल्या पार्श्वगायकांच्या हरकती आणि मुरक्या इतक्या स्पष्ट जाणवतात की शब्द न कळणारा मराठी श्रोता चकित होतो.

पण आपण आपल्या संगीत नाटकाकडे पाहावे. १९११ सालच्या ‘मानापमान’साठी ज्यांचे नाते कोल्हापूरशी जडलेले होते त्या गोविंदराव टेंबे यांनी पूरबेकडच्या ठुमरी, दादरा, कजरीच्या चाली घेतल्या आणि खाडिलकरांचे मराठी शब्द त्यांवर बसवले. त्याआधीच्या संगीत नाटकांतही कानडी आणि लावणीच्या चाली होत्या, आणि पदाच्या डोक्यावर ‘चाल’ कोणती ते प्रामाणिकपणे छापलेले असे. त्या पदांना आज कोणी उसनी म्हणत नाही. त्यांत मराठी बोलण्याचा ढंग उतरला आणि ती आपली झाली. मोंबासातही कसोटी हीच लावावी. अहमद नासिर यांच्यासारख्या व्युत्पन्न कवीचे शब्द भालो गात होते; हिंदी गीताची ओळ मात्रांवर बेतलेली आणि स्वाहिली ओळ अक्षरांवर, तेव्हा चालीला धक्का न लावता ओळीची लांबी आणि यती नव्याने ठरवणे हे सोपे काम नव्हते. जेथे कवी कमकुवत आहे तेथे चाल उघडी पडते आणि आपला आक्षेप तेथे मान्य करावा लागतो. जेथे कवी समर्थ आहे तेथे श्रोते चित्रपट विसरतात आणि गीताच्या अर्थावर रात्रभर वाद घालतात.

जाता जाता, टांगा या बंदरातल्या ‘ब्लॅक स्टार’ या मंडळीने १९६० च्या दशकात गिटार आणि बेस गिटार आणून ताराबचा नाद याहूनही अधिक बदलला, आणि तेव्हाही जुन्या मंडळींनी हाच आक्षेप घेतला होता. आज ती गाणी जुनी आणि अस्सल मानली जातात.

प्रश्न : जंजिऱ्याचे आणि उत्तर कानडा जिल्ह्यातले सिद्दी मूळ आफ्रिकेचे. त्यांच्या गाण्यात ताराब आढळते का? (इतिहासाचा एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर)

उत्तर : नाही. ताराब एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आले आणि सिद्दींचे बहुसंख्य पूर्वज त्याच्या कितीतरी आधी भारतात पोहोचले होते. त्यांचे नाते त्याहून जुन्या ङोमाशी आहे. गुजरातमधील रतनपूरच्या बावा गोर दर्ग्याशी निगडित सिद्दी आपल्या नाचगाण्याला आजही ‘गोमा’ किंवा धमाल म्हणतात. त्यांच्याकडे मुगरमान हा मोठा ढोल आहे आणि ‘मलुंगा’ हे एका तारेचे, भोपळ्याचे धनुष्यवाद्य आहे, ज्याची भावंडे आफ्रिकेत ठिकठिकाणी आढळतात. यल्लापूर-हल्याळ भागातील सिद्दींचा दमाम हा ढोल आणि त्यावरचा नाच कोल्हापूरहून फार लांब नाही. आपण तो प्रत्यक्ष जाऊन अभ्यासावा, अशी माझी सूचना आहे.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात. कानून आणि ऊद ही वाद्ये बांधणीत कशी असतात? (एक कारागीर, मिरज)

उत्तर : कानून आपल्या स्वरमंडळाच्या जातीचे, पण बरेच मोठे आणि मांडीवर आडवे ठेवून बोटांत घातलेल्या नख्यांनी वाजवायचे वाद्य आहे. एका स्वराला तीन तारा, अशा सत्तरहून अधिक तारा त्यावर असतात. आपल्याला विशेष वाटेल अशा दोन गोष्टी त्यात आहेत. घोडीचे पाय लाकडावर न टेकता ताणून बसवलेल्या कातड्याच्या चौकोनांवर टेकतात, आणि हे कातडे परंपरेने माशाचे असते. त्यामुळे नाद तंबोऱ्यापेक्षा कोरडा आणि चटकन उमटणारा येतो. दुसरे म्हणजे खुंट्यांच्या बाजूला प्रत्येक स्वराखाली छोट्या धातूच्या पट्ट्या असतात. वादक त्या वाजवता वाजवता उचलतो वा पाडतो आणि स्वर किंचित चढवतो-उतरवतो. ऊदला भोपळा नसतो. लाकडाच्या पातळ, वाकवलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्याचे पोट बांधतात, मानेवर पडदे नसतात आणि खुंट्यांचा भाग मागे काटकोनासारखा वळलेला असतो.

ज्यांना हा खर्च परवडत नाही त्यांनी झांझिबारमध्ये ‘किदुंबाक’ हा लग्नातला लहान ताफा उभा केला, आणि कारागीर म्हणून आपल्याला तो पाहावासा वाटेल. चहाची लाकडी पेटी उलटी ठेवून तिला एक दांडा आणि एक जाड दोरी जोडली की ‘सांदुकू’ हे खर्जाचे वाद्य तयार होते. जोडीला दोन लहान मातीचे ढोल, नारळाच्या करवंट्यांचे खुळखुळे, काठ्या आणि एक व्हायोलिन एवढ्यावर रात्रभर नाच चालतो. ताराबच्या वाद्यवृंदातले कित्येक वादक आधी किदुंबाकमध्ये तयार होतात.

प्रश्न : ताराब ऐकण्याची सुरुवात कोठून करावी? आज ते कोणी शिकवते का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कसबा बावडा)

उत्तर : प्रथम ‘इखवानी सफा’ आणि १९५८ साली स्थापन झालेला ‘कल्चर म्युझिकल क्लब’ या झांझिबारच्या दोन वाद्यवृंदांचे एक-एक दीर्घ गीत पूर्ण ऐकावे, मध्येच बंद करू नये, कारण शब्द सुरू होण्याआधी वाद्ये बराच वेळ घेतात. नंतर बी किदुदे आणि मग जुमा भालो ऐकावेत. सिती बिंती साद यांच्या तबकड्यांत खरखर पुष्कळ आहे, म्हणून त्या कान सरावल्यावर ऐकाव्यात. शिक्षणाचे म्हणाल तर २००२ पासून झांझिबारमध्ये ‘धाऊ कंट्रीज म्युझिक अकॅडमी’ ही संगीतशाळा ताराब, किदुंबाक आणि ङोमा शिकवते. तिला पैशांची चणचण भासत आली आहे, तरी तेथून कानून आणि उदी शिकून बाहेर पडणाऱ्यांत मुलीही आहेत. २००४ पासून बेटावर भरणाऱ्या ‘साउती झा बुसारा’ या महोत्सवात या नव्या पिढीचे गाणे ऐकायला मिळते.